डाव्या खांद्यावरचा घण

माझ्या आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंची वाटणी झाली. तांब्याचा हंडा कुणाकडं, शिलाई मशीन कुणाकडं, लोखंडी कपाट कुणाकडं, मी कुणाकडं राहायचं, सगळं ठरलं. ज्या वकीलबाईंनी हिंगोलीच्या कोर्टात हे काम केलं, त्यांनी शेवटी चष्मा काढून विचारलं होतं, "बघा बरं, काही राहिलं का?" दोघंही एका सुरात म्हणाले, "न्हाई." इतक्या एकमतानं ते घरात काही बोलल्याचं मला आठवत नाही. आणि नेमकी तिथंच दोघांची चूक झाली. ज्या कामावर हे घर उभं होतं, ते काम आता कोण करणार, हे ठरवायचंच राहून गेलं.

आमचं लोहारकामाचं दुकान कळमनुरीत, नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याला. दुकान म्हणजे वर पत्रे, मधे भट्टी, भट्टीपुढं ऐरण आणि दाराशी एक मोठा दगड. आजोबांनी ते टाकलं आणि पुढं माझ्या वडिलांनी चालवलं. वडिलांना आम्ही बापू म्हणतो. बापू ऐरणीपाशी बसायचे. डाव्या हातातल्या सांडशीत लाल झालेलं लोखंड, उजव्या हातात छोटा हातोडा. समोर आई घण घेऊन उभी. बापू हातोड्यानं जिथं टिचकी मारतील तिथं आईचा घण पडायचा. टिचकी, घण, टिचकी, घण. हातोडा मोकळ्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. तोंडानं बोलायची गरज नव्हती आणि वेळही नव्हता, बोलत बसलं तर लोखंड गार होतं. आम्ही विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, म्हणजे माती कापणारी पाती, करायचो, आणि आमच्या भागात हळद फार, म्हणून हळद खणायच्या कुदळी. कुरुंद्याचे हळदवाले वाटेतली दुकानं सोडून आमच्याकडं यायचे, आणि त्याचा तोरा मी कॉलेजातही मिरवायची.

बाई घण मारते याचं शहरातल्या लोकांना नवल वाटतं. आमच्या कामात ते नवल नाही. आजीनं मारला, तिच्या सासूनंही मारला असेल. आईचं वेगळेपण एवढंच की ती डावखुरी. घण तिच्या डाव्या खांद्यावरून यायचा. लग्नाच्या वेळी आजोबांनी म्हणे हे ऐकून कपाळाला आठी घातली होती, पण तिचा पहिला घाव बघितल्यावर ती आठी गेली ती गेली.

दुकानात ज्यांचं असं जमायचं त्यांचं घरात का जमलं नाही, असं मला आजही लोक विचारतात. मी म्हणते, दुकानात बापू टिचकी मारून सांगायचे तरी, घरात ते काहीच सांगायचे नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न त्यांनी दुकानात बसल्या बसल्या ठरवलं. सेनगावचा एक माणूस कुऱ्हाडीला धार लावायला आला आणि व्याही होऊन गेला. आईला कळलं ते पेढ्यांचा पुडा घरात आल्यावर. "लेक हाय का विळा," आई एवढंच म्हणाली, "इचारायचं तरी." बहीण सेनगावात सुखात आहे, जावई देवमाणूस आहे, पण त्यानं आईचं समाधान झालं नाही. माझ्या मते होऊ पण नये. स्थळ चांगलं निघालं हे नशीब, आणि विचारलं नाही हा बापूंचा गुन्हा. त्यानंतर घरात आई वाढायची, बापू जेवायचे, आणि मधे भिंत असल्यासारखे दोघं गप्प. काही वर्षांनी आईच म्हणाली, "कागद करून टाकू." बापूंचा ताठा असा की त्यांनी का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. म्हणाले, "करू."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात होते. सकाळी गिऱ्हाईक बघायचं आणि दुपारी कॉलेजात जायचं असं माझं चालायचं. आईनं दुकानामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली होती. नेहमीच्या वेळेला ती आली, पदर खोचला, कोपऱ्यातला घण उचलला आणि आपल्या जागी उभी राहिली.

बापू भट्टीकडं बघत मला म्हणाले, "तिला इचार, काहून आली."

आई त्यांच्यापासून तीन हातांवर. तरी मी विचारलं.

"कामाला आले म्हन," आई म्हणाली.

"तिला सांग, आता हितं तिचं काय काम न्हाई."

"मालकांना इचार, माझ्या कामात काय खोट काढली ते."

आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. आईनं तो शब्द तसाच ठेवला होता, पण आवाज असा लावला की दारात उभं असलेलं गिऱ्हाईक खाली बघायला लागलं.

"मी घटस्फोट देलेला हाय," बापू म्हणाले. हे मला सांगायची काही गरज नव्हती, मला माहीत होतं.

"तो बायकोला देला," आई म्हणाली. "घणवालीला कुटं देला? आन ऐक, हे बी सांग. बायको व्हते तवर घरचं म्हनून फुकट मारला. आता मी घरची न्हाई. आता मजुरी लागंल. अन् ती बाजारच्या दिवशी, दुकानाच्या दारात, चार मान्सांदेखत हातावर पाहिजे."

बापूंनी भट्टीला हवा देणारा ब्लोअर बंद केला. लोखंड भट्टीत तसंच राहिलं. त्या दिवशी काम झालं नाही.

प्रकरण आजोबांकडं गेलं. ते दुकानाच्या दारात बाजेवर बसून असायचे, डोळे अधू झाले होते पण कान शाबूत. दुकान त्यांच्या नावावर, त्यामुळं आईला वाटलं ते तिच्या बाजूनं बोलतील. बापूंनाही वाटलं ते लेकाची बाजू घेतील. आजोबा दाढी खाजवत म्हणाले, "दुकान माजं हाय, हे खरं. पन घणाखाली हात कोनाचा असतो? सांडशी धरनाराचा. त्याचा भरोसा ज्याच्यावर, त्यानं घण मारावा. हे मी कसं ठरवू?"

त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. पळवाट काढली असं वाटलं. बापूंनी ते आपल्या बाजूनं धरलं आणि दुसऱ्या दिवशी नवा घणवाला बघायला निघाले.

आई वकीलबाईंकडं गेली. मी सोबत होते. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. त्या म्हणाल्या, केस करता येईल, वेळ लागेल, पण एक करा, कामावर जाणं थांबवू नका, नाहीतर उद्या ते म्हणतील की तुम्हीच काम सोडून गेलात. आईनं ते शब्द पदरात बांधून आणले. दुसऱ्या सकाळपासून ती दुकान उघडायच्या वेळेला यायची आणि दाराशी त्या दगडावर बसायची. आत पाऊल टाकायची नाही, भांडायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "कामावर हजर हाय." दुपार झाली की उठून हळदीच्या खुरपणीला जायची, कारण पोट काही हजेरीवर भरत नाही.

त्या दिवसांत कोण कसं वागलं ते मी विसरलेले नाही. आजोबा स्वतःसाठी चहा मागवायचे आणि बशीत ओतून पहिली बशी आईच्या हातात द्यायचे. लेकाच्या दुकानासमोर धरणं धरून बसलेल्या सुनेला, आणि ती पण आता सून नसलेल्या बाईला, ते रोज न चुकता चहा पाजत होते. शेजारी पंक्चरवाले चाचा होते. ऊन दगडावर आलं तसं त्यांनी आपलं लाकडी स्टूल आणून आमच्या पत्र्याच्या सावलीत ठेवलं. "भाबी, धूप में तकलीफ होती. इस पे बैठो." आईनं बापूंकडं बघितलं. स्टूल सावलीत, म्हणजे दुकानाच्या हद्दीत. बापूंनी बघून न बघितल्यासारखं केलं. आई स्टूलावर बसली. ते स्टूल चाचांनी नंतर परत मागितलंच नाही.

बापूंनी ठेवलेला पहिला गडी अंगानं चांगला होता. पण पहिल्याच दिवशी कुदळीचं पातं वाकडं झालं, दुसऱ्या दिवशी विळा चिरला. बापू त्याच्यावर खेकसले, गडी बापूंवर खेकसला, संपलं. बापूंनी ठरवलं की ऐरणीवर उजेड नीट पडत नाही. मला हाताशी घेऊन त्यांनी ती जड ऐरण ठोकळ्यासकट फिरवली. त्यात माझी नखं गेली.

दुसरा गडी कुस्ती खेळलेला. त्याचा घण म्हणजे बघत राहावं असा, आणि स्वभावही चांगला. पण दोघांचं काही केल्या बसेना. बापूंची टिचकी एकीकडं, घण भलतीकडं. एका सकाळी तर घण बापूंच्या कानाजवळून गेला, सांडशीवर आदळला आणि सांडशी त्यांच्या हातातून उडून भट्टीत पडली. मी ओरडले. बाहेर आई स्टूलावरून उठून दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. बापू रागानं लाल. काही बोलणार तेवढ्यात गड्यानंच घण खाली ठेवला.

"मालक," तो म्हणाला, "तुमी डोकं घणाखाली काहून घालून राहिले? मी रोज वाचवून राहिलो तुमाला. मला न्हाई जमायचं. उद्या काय झालं तर मी जेलात जाईन."

"मी कवा डोकं घातलं?"

बाजेवरून आजोबा म्हणाले, "घण उचल रे. लोखंड नगं. नुस्ता उचल."

गड्यानं घण उजव्या खांद्यावर घेतला. रिकाम्या ऐरणीपुढं बसलेल्या बापूंची मान आपोआप डावीकडं कलली, सरळ घणाच्या वाटेत. त्यांनी ती सरळ केली. गड्यानं परत घण उचलला. मान परत तिथंच गेली. बापूंनी दात आवळले, मान ताठ धरली, तर हात आखडला. भट्टीपाशी उभी राहून मी हे बघत होते आणि मला एकदम हसू आणि रडू बरोबर आलं.

"डावरी हाय ती," आजोबा म्हणाले. "तिचा घण तिच्या डाव्या खांद्यावरून, म्हंजी तुझ्या उजव्या अंगानं येतो. तू इतकी वर्सं मान डावीकडं काढून त्याला वाट देतो. आता हा उजव्या खांद्यावरून मारतो, अन् तू त्याच्याच वाटंत मान देतो. गड्याचा काय दोष."

आई दारातून मागं वळली आणि हळदीच्या कामाला निघून गेली. त्या दिवशी ती दुपारपर्यंत थांबली नाही.

एखाद्या शहाण्या माणसानं तिथंच हार मानली असती. पण आमचे बापू म्हणजे सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्यांनी डावखुरा गडी शोधायला सुरुवात केली. बाजारात विचारलं, सेनगावच्या जीपवाल्यांना सांगून ठेवलं, जावयाला फोन केला. शेवटी एक डावखुरा मिळाला. तो क्रिकेट चांगलं खेळायचा म्हणे. त्यानं घण एकदा उचलला, एकदा टेकवला, आणि पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो अजून पाणीच पितोय.

हळद खणायचे दिवस तोंडावर आलेले. कुरुंद्याचं जुनं गिऱ्हाईक कुदळींसाठी दुसऱ्यांदा हेलपाटा घालून आलं. तो डावखुरा गडी आला त्या दिवसापासून आई यायची बंद झाली होती. गिऱ्हाइकानं एकदा बापूंकडं बघितलं, एकदा रिकाम्या स्टूलाकडं बघितलं. "बाई दिसत न्हाईत," तो म्हणाला. "मंग मी वसमतला बघतो. बराबर बोललो ना? हळद रानात खोळंबून राहिलीय माजी." माणूस सरळ होता, त्यात दुखवायचा हेतू नव्हता. पण बापूंच्या दारातून गिऱ्हाईक असं परत गेल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

तो गेल्यावर बापू ऐरणीपाशी बसले. थोड्या वेळानं त्यांनी हातोडा उचलला आणि मोकळ्या ऐरणीवर तीन ठोके दिले. टण्, टण्, टण्.

हे ठोके आमच्या घरात सगळ्यांना माहीत. लोखंड तापलं की घरात कामात असलेल्या आईला बोलवायचे ते. पीठ मळत असली तरी ती पदराला हात पुसत यायची. आईची खोली आता मागच्याच गल्लीत, त्यामुळं तिला ते ऐकू गेलंच असणार. बापू दाराकडं बघत राहिले. कुणी आलं नाही. त्यांनी परत ठोके दिले. मग मी गेले.

आई खोलीत बसली होती, हात मांडीवर. काही काम करत नव्हती.

"ऐकू न्हाई आलं का?" मी विचारलं.

"आलं की."

"मग?"

"ते बायकोला बोलवायचं," आई म्हणाली. "मजुराला तोंडानं बोलवावं लागतं."

मी दुकानात येऊन जसंच्या तसं सांगितलं. बापू हातोडा फिरवत म्हणाले, "तिला सांग..." आणि तिथं माझं डोकं फिरलं. इतके महिने यांचे निरोप वाहून माझी जीभ झिजली होती. मी म्हटलं, "मी काय तुमचं टपाल हाय का? दोघं तीन हातांवर बसता अन् मी मधी पळते. काय सांगायचं ते जाऊन सांगा. न्हाईतर दुकानाला कुलूप लावा." बाजेवर आजोबांनी तोंडावर उपरणं घेतलं. झोपल्याचं सोंग होतं, उपरण्याखाली पोट हलत होतं.

बापू उठले. हात धुतले, तोंड धुतलं, टोपी घातली. त्या गल्लीत त्यांनी तोवर पाय ठेवला नव्हता. मी मागं मागं गेले, एवढं बघायचा हक्क मी कमावला होता. ते दारात उभे राहिले. आत यायला आई म्हणाली नाही आणि ते गेलेही नाहीत. गल्लीतल्या दोन बायका धुणं हातात घेऊन थांबल्या होत्या.

"उद्यापासून कामावर याल का?" बापू म्हणाले.

जन्मात ते आईशी अगं-तुगंशिवाय बोलले नव्हते. आई उठून उभी राहिली.

"मजुरी?"

"बाजारच्या दिवशी. दुकानाच्या दारात."

"अन् परत कवा कामावरून काढायचं झालं तर?"

"तोंडावर सांगीन. कारन सांगीन." मग खाली बघत म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं तवा इचारलं न्हाई. ते चुकलं व्हतं माजं. कामाचं तरी इचारून करीन."

आईनं नाकावरून पदर फिरवला. मग तिचा आवाज एकदम दुकानातला झाला. "ऐरण फिरवली व्हती ना तुमी मधी?"

"व्हय."

"आधी ती जागेवर आना. मग मी येते."

ऐरण परत फिरवताना माझी उरलेली नखं गेली, पण त्याची तक्रार नाही. दुसऱ्या सकाळी आईनं पदर खोचला, घण डाव्या खांद्यावरून आला, बापूंची मान डावीकडं कलली, आणि टिचकी, घण, टिचकी, घण असं सुरू झालं ते ऐकून चाचा पंक्चर तसंच सोडून बघायला आले. आजोबा बाजेवर बसून मांडीवर बोटांनी ताल धरत होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

बाजारच्या दिवशी बापूंनी दारात उभं राहून आईच्या हातावर मजुरी ठेवली. नोटा आईनं कपाळाला लावल्या आणि कमरेला खोचल्या. बाजारकरू थट्टा करायचेच, त्यांनी केली. एक जण म्हणाला, बाईनं घटस्फोट घेऊन पगार चालू केला, आमच्या घरी सांगू नका. आई म्हणाली, "सांगा की. तुमच्या घरचीला माझ्याकडं पाठवा." तो माणूस हसत हसत पण जरा घाईनंच पुढं गेला.

त्यानंतर ती दोघं परत एकत्र आली असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. लोकांना ती गोष्ट आवडली असती. काम संपलं की आई आपल्या खोलीवर जायची, बापू घरी. सणाला बापूंकडून डबा जायचा आणि आईकडून पुरणपोळ्या यायच्या, एवढंच. पण आईनं माझ्यापुढं कधी बापूंना नावं ठेवली नाहीत आणि बापूंनीही आईला. दुकानातलं बोलणं दुकानापुरतं, आणि तिथं दोघंही एकमेकांना तुमी म्हणायचे. माझी शेवटच्या वर्षाची फी दोघांनी अर्धी अर्धी भरली आणि मी पास झाले तेव्हा पेढे दोन वेळा वाटले गेले. माझं लग्न ठरताना बापूंनी पाहुण्यांना सांगितलं, "थांबा, पोरीच्या आईला इचारून येतो," आणि खरंच उठून मागच्या गल्लीत गेले. पाहुणे चहा हातात धरून बसले होते. मी पडद्याआड उभी होते आणि मला त्या क्षणी बापूंचे पाय धरावेसे वाटले.

आज मी हिंगोलीत एका औषधाच्या दुकानात कामाला आहे. महिन्याचा पगार हातात पडतो तेव्हा मी तो आईसारखा कपाळाला लावते आणि दुकानाचे मालक दरवेळी हसतात. त्यांना काय माहीत. ज्या घरांत तुटलं त्या घरांतल्या मुली मी बघितल्या आहेत. आई एका गावी, बाप दुसऱ्या गावी, आणि मधे नुसत्या शिव्या. मला दोघंही रोज एका पत्र्याखाली मिळाले. यासाठी मी कुणाकुणाचे आभार मानू? आजोबांचे मानते, ते आता नाहीत. त्यांनी निकाल दिला नाही हेच बरं केलं. दिला असता तर आई त्यांच्या हुकमानं आत आली असती आणि बापूंची मान आखडलेलीच राहिली असती.

मागच्या वर्षी आईचा डावा खांदा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घण नाही. आईनं रीतसर बापूंना तोंडावर सांगितलं, "एवढा महिना येते. पुढचं तुमी बगा." बापू काही बोलले नाहीत. जुनी खोड, जाता जात नाही. नंतर कळलं की त्यांनी नांदेडला जाऊन विजेवर चालणारा घण घेतला. पायडल दाबलं की आपोआप वरखाली होणारा. ज्या दिवशी तो बसवायचा होता त्या दिवशी मी सुट्टी काढून कळमनुरीला गेले, कारण फोनवर आईचा आवाज मला ठीक वाटला नाही.

आई दाराशी त्या स्टूलावर बसली होती. जुना घण तिनं पुसून भिंतीला टेकवून ठेवला होता, परत करायची वस्तू ठेवतात तसा. मी तिच्या शेजारी दगडावर बसले. आत मेकॅनिक मशीन बसवत होता.

"काका, पायडल असं तुमच्या पायाशी येईल," तो बापूंना म्हणाला. "लोखंड तुम्हीच धरायचं, पाय तुमचाच."

"तिकडं लांबवून घ्या," बापू म्हणाले. "समोरच्या बाजूला. डाव्या पायानं दाबता आलं पाहिजे."

मेकॅनिक हसला. "समोर कशाला? हे एकट्याचं काम आहे. दुसरा माणूस लागत नाही, म्हणून तर लोक हे मशीन घेतात."

"आमच्यात दोघं लागतात," बापू म्हणाले.

मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "ते सांगतात तसं करा." त्यानं लोखंडी पट्टी जोडून पायडल पलीकडं नेलं. त्यात त्याचा बराच वेळ गेला आणि तो मधूनमधून मान हलवत होता.

मग बापू बाहेर आले. आई स्टूलावरून उठली, तिला वाटलं ते जुना घण घ्यायला आले. त्यांनी घणाला हात लावला नाही. स्टूल उचललं, आत नेलं आणि पायडलपुढं ठेवलं.

"बसून चालवायचं हाय," ते म्हणाले. "मजुरी तीच. याल का?"

आई आत गेली. स्टूलावर बसून तिनं डाव्या पायानं पायडल एकदा दाबून बघितलं. "जड हाय," ती मेकॅनिकला म्हणाली. "जरा सैल करून द्या." त्यानं करून दिलं. बापूंनी भट्टीतून लोखंड काढलं, मशीनच्या ऐरणीवर धरलं आणि टिचकी मारली. आईनं पायडल दाबलं. मशीनचा घण सरळ वरून खाली येतो, त्याला डावं उजवं काही नसतं. तरी बापूंची मान डावीकडं कललेली होती.